बसव्वा आणि भिंतीवरचं मढं

मंगळवारच्या बाजारात बसव्वाकडून घोंगडं घ्यायचं म्हणजे आधी दोन शब्द ऐकून घ्यायचे. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं मिलचं ब्लँकेट घ्यावं, असं ती स्वतःच सांगायची. कोणी घोंगड्याचं टोक चुरगाळून "जाड वाटत नाही हो" म्हणाला, की ती म्हणायची, "तुमच्या कातडीपरीस पातळच हाय. ठिवा खाली." माणूस ठेवायचा नाही, घ्यायचाच. वर शेजारच्याला सांगायचा की बाई तोंडाची फटकळ आहे, पण माल खरा देते. बसव्वाला हेही आवडायचं नाही. "मालाचं सांगू नगा, माझं तोंडबी खरंच हाय."

नाव बसव्वा आणि धंदा घोंगड्यांचा. सोलापुरात माणसाचं नाव आणि धंदा जुळला नाही की लोकांच्या पोटात दुखायला लागतं. बसव्वा म्हणजे लिंगायताची, घोंगडी म्हणजे धनगराची. मग ही कुणाची? उन्हाला पाठ देऊन बसलेले रिकामे लोक हे विचारल्याशिवाय राहायचे नाहीत, आणि बसव्वाचं उत्तर ठरलेलं होतं.

"बाप चनमल्लप्पा. चाटी गल्लीतल्या कापडवाल्या चनबसप्पाचा सख्खा धाकटा भाऊ. आई गोजाबाई, सांगोल्याकडच्या धनगराची. पुढचं इचारायचं असंल तर घोंगडं घ्या, मग इचारा."

पुढचं कोणी विचारायचं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. चाटी गल्लीचं उत्तर वेगळं होतं, आणि ते कापडाच्या दुकानात गादीच्या वर, काचेच्या आड टांगलेलं होतं.

लिंगायताच्या घरात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. कपाळभर विभूती, डोक्याला फेटा, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. ऐपत असली तर फोटोवाल्याला बोलावतात, आणि घरची माणसं मयताच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढून घेतात. कित्येकांचा जन्मातला पहिला फोटो तोच असतो. त्यामुळं बसलेला, हार घातलेला, डोळे मिटलेला माणूस फोटोत दिसला, की तो कोण हे नंतर. आधी "कधी गेले" असं विचारतात.

दुकानातला फोटो असाच. मधोमध पांढऱ्या बाराबंदीतला तरणा माणूस, फेटा, विभूतीचे पट्टे, हार, डोळे मिटलेले. आजूबाजूला पांढऱ्याच कपड्यांतले पुरुष, कोणीही हसत नाही. माणसाला खेटून सात-आठ वर्षांची एक पोरगी, मान त्याच्याकडं कललेली, तोंड वेडंवाकडं. बघणाऱ्याला वाटावं, भाऊ गेला म्हणून रडते आहे. फोटोच्या चारी बाजूंनी काळा पुठ्ठा, त्यावर काच, काचेवर चंदनाचा हार. गिऱ्हाईकानं वर बघितलं की चनबसप्पा उसासा टाकायचा. "धाकटा भाऊ. गड्ड्याची यात्रा झाली आणि पटकीनं गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं." मग धोतरजोडीचा भाव सांगायचा.

लग्न व्हायचं होतं, हे त्यातलं मुद्द्याचं वाक्य. कारण गोजाबाई सांगायची की चनमल्लप्पानं तिच्याशी लग्न केलं. घोंगड्यांच्या खरेदीला तो सांगोल्याकडं यायचा, तिथं ओळख झाली, आणि घर सोडून तो तिच्या गावीच राहिला. पोरगी झाली, त्यानं आपल्या आज्जीचं नाव ठेवलं, बसव्वा. पोरगी रांगायच्या आत तो तापानं गेला. "त्याला मातीत म्या घातला, ह्या हातांनी," गोजाबाई म्हणायची. कडेवर पोर घेऊन ती चाटी गल्लीत आली, तेव्हा चनबसप्पानं तिला पायरीवरच थांबवलं आणि आतल्या भिंतीकडं बोट केलं. भाऊ त्याआधीच मेलेला. हा बघ मयताचा फोटो. मेलेल्या माणसाच्या नावावर पोर खपवायला आलीस का?

उन्हातून आत काय दिसणार? काच चमकत होती. हार, फेटा, मिटलेले डोळे एवढंच गोजाबाईला दिसलं. ती म्हणाली, "त्यो माझा धनी न्हाय. दुसऱ्याच कुणाचं तरी मढं हाय." आणि ती निघून गेली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना खरं काय ते ठाऊक असणारच. पण लग्नसराईत कापड उधार कोण देणार? गल्लीनं तोंडात पान धरलं आणि ते पान तीस-पस्तीस वर्षं चघळलं.

सकाळी उठून वचनं म्हणायची, जात कसली न् पात कसली म्हणत डोळे पुसायचे, आणि भावानं धनगराची पोर केली की त्याला जिवंतपणी भिंतीवर चढवायचा. दरसाल त्याच्या नावानं जंगमाला जेवायला घालायचं. असल्या धर्माला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. बसव्वा जे म्हणायची ते इथं लिहिता येत नाही.

आईचं वाक्य बसव्वानं पुढं चालवलं, आणि चालवताना त्याला धार लावली. बाजार उठला की घोंगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ती मुद्दाम चाटी गल्लीतून जायची. दुकानासमोर थांबायची. "काय सावकार, ते भाड्याचं मढं हाय का अजून भिंतीवर? धनी मागाय आला न्हाय का त्याचा?" चनबसप्पा पुढं वारला, गादीवर त्याचा मुलगा महादेवप्पा बसू लागला, तरी हिचा मंगळवार चुकला नाही. महादेवप्पा लहानपणापासून त्या फोटोला हार घालत आलेला. त्याच्या लेखी काका मेलेलाच होता आणि ही बाई खोटीच होती. तो नोकराला सांगायचा, पाणी मार रे ओट्यावर.

गोजाबाई चौऱ्याहत्तर साली गेली. मातीला चार बायका आल्या होत्या. परतताना त्यातली एक दुसरीला म्हणाली, "मेलेल्याचं नाव घेऊन जन्म काढला बाईनं. पोरगी कुणाची ते तिचं तिलाच ठाऊक." हळू म्हणाली, पण बसव्वाच्या कानाला हळू असं काही नसतं. तिनं त्या बाईला काहीच उत्तर दिलं नाही. ओळखणारे म्हणाले, आईच्या दुःखानं गप्प राहिली. दुःख होतंच. पण गप्प राहायचं कारण वेगळं होतं. उत्तर द्यायला तिच्याकडं आईच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि आईचा शब्द आता मातीत होता.

पुढच्या वर्षी दुकानाचा सुवर्णमहोत्सव आला. आणीबाणीचं साल. भिंतीभिंतीवर कमी बोला, जास्त काम करा अशा पाट्या, आणि महादेवप्पाला मात्र पन्नास वर्षांचं एकदम बोलायचं होतं. स्मरणिका काढायची ठरली. सोलापुरात चार थान कापड विकलेला माणूससुद्धा स्मरणिकेत उद्योगमहर्षी होतो. पहिल्या पानावर देवाचा फोटो, दुसऱ्यावर वडिलांचा, तिसऱ्यावर भिंतीवरचा हा फोटो, आणि खाली सगळ्यांची नावं: 'मध्यभागी कै. चनमल्लप्पा, अविवाहित.' बातमी बसव्वाला कळवली रामहरीनं. रामहरी फोटोवाला, बाजाराच्या तोंडाशी त्याचा स्टुडिओ. कळवली ती काही माणुसकीनं नव्हे. दिवसभर गिऱ्हाईक नसलं की त्याला कोणाच्या तरी संसारात काडी घालायला लागायची.

"छापणार म्हणतात, अविवाहित म्हणून," रामहरी म्हणाला. "छापलं म्हणजे झालंच की हो बसव्वाबाई. भिंतीवरचं उद्या उतरवता येतं. छापलेलं कसं उतरवणार?"

"कधी आणत्यात?"

"उद्या. त्यांची आत्या येणारेय अक्कलकोटहून, माणसं ओळखायला. फोटोतली तीच एक राहिलीय."

दुसऱ्या दिवशी बसव्वानं गठ्ठा सोडलाच नाही. स्टुडिओच्या दारात उभी राहिली. आत महादेवप्पा खुर्चीत, कडक इस्त्रीचा सदरा, हातात पेन. शेजारी बाकावर त्याची आत्या निंगव्वा, पन्नाशीची, जाडजूड, कपाळावर विभूती, आणि चेहऱ्यावर, आपल्याला इतकी वर्षं कोणी काही विचारलं नाही आणि आता पेन घेऊन विचारताहेत, याचा राग. रामहरी फ्रेम पालथी घालून मागचे खिळे पकडीनं उपसत होता. काचेतून फोटोचा फोटो नीट येत नाही, म्हणून तो बाहेर काढावा लागतो.

महादेवप्पानं दारात बघितलं. "हिला कुणी बोलावलं?"

"मढ्याच्या फोटोला बोलवाय लागतंय व्हय?" बसव्वा म्हणाली. "कुणाचं हाय ते आज ठरवा, मग जाते."

"आत्या, लक्ष देऊ नको. ही बाजारातली."

निंगव्वानं लक्ष दिलं नाही, कारण ती फोटोकडं बघत होती. रामहरीनं काच काढली, काळा पुठ्ठा उचलला, आणि पस्तीस-चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो फोटो अख्खा उजेडात आला. पुठ्ठ्यानं खालचा चांगला तीन बोटं भाग झाकला होता. तिकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. रामहरीनं फोटो फळीवर टाचला, दिवा लावला, निगेटिव्हची प्लेट काढून घेतली. मग महादेवप्पा सांगू आणि लिहू लागला.

"ठिकाण, आमच्या राहत्या घराचा सोपा. मध्यभागी कै. चनमल्लप्पा यांचं पार्थिव. डावीकडं माझे वडील. उजवीकडं शोकाकुल भगिनी निंगव्वा."

"शोकाकुल म्हणजे काय रे?" निंगव्वानं विचारलं.

"म्हणजे दुःखात असलेली. रडणारी."

"रडणारी कोण?"

"तूच की आत्या. ही बघ ना, मान टाकलीय, तोंड वाकडं झालंय."

निंगव्वा उठली, फळीजवळ गेली, पदरानं डोळे पुसून नीट बघितलं, आणि म्हणाली, "मी कुठं रडतेय? येणी वडलीय माझी त्यानं."

महादेवप्पाचं पेन थांबलं. "कुणी?"

"चनमल्लानं. हे काय, हात दिसंना का तुला?"

तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं. पुठ्ठ्याखाली जे झाकलं होतं तिथं मयताच्या मांडीवर दोन हात होते. उजवा गुडघ्यावर. डाव्या हातात इष्टलिंग नव्हतं. डाव्या मुठीत त्या पोरीच्या वेणीचं टोक होतं, घट्ट धरून खाली ओढलेलं, बोटांची पेरं फुगलेली. पोरीची मान त्यामुळंच कललेली.

"लई चुळबुळ करत हुते मी," निंगव्वा सांगू लागली, आणि आता तिला थांबवायची कोणाची टाप नव्हती. "फोटोवाला म्हणला, पोरगी हालली तर पैसे वाया. मग चनमल्लानं येणी धरून ठिवली. मी हालले की वडायचा. आन् ऐन वक्ताला त्यानंच डोळं मिटलं. रात्रभर काठी धरलेली यात्रेत, पेंगतच हुता बसल्या बसल्या. पुढं सहा महिने आम्ही त्याला झोपलेला नवरदेव म्हणून चिडवत हुतो."

यात्रा म्हणजे गड्डा, सिद्धरामेश्वराची जत्रा. काठी म्हणजे नंदीध्वज. तो धरणारा बाराबंदी घालतो, विभूती लावतो, लोक त्याच्या गळ्यात हार घालतात. जे जे मयताचं म्हणून चाळीस वर्षं दाखवलं, ते सगळं जत्रेचं होतं.

"घरचा सोपा न्हाई हा," निंगव्वा पुढं म्हणाली. "मागं कनात दिसंना व्हय? गड्ड्यातलं फोटोवाल्याचं पाल हाय. मयत घेऊन कुणी जत्रेत फोटो काढाय जातंय का रे महादेवा?"

रामहरी हसला आणि लगेच खोकला. गिऱ्हाईकासमोर हसू नये एवढं त्याला कळत होतं.

"आत्या, तू लहान होतीस. तुला नीट आठवत नसेल."

"येणी माझी हुती," निंगव्वा म्हणाली. "तुझी नव्हती."

बसव्वा अजून उंबऱ्यातच होती. तिनं डोक्यावरचा गठ्ठा खाली टाकला आणि आत आली. फळीपाशी गेली. फोटोला तिनं हात लावला नाही. चेहऱ्याकडं बघत राहिली. त्या चेहऱ्याला आजवर तिनं भाड्याचं मढं म्हटलं होतं, अमुक म्हटलं होतं, तमुक म्हटलं होतं, भर गल्लीत, दर मंगळवारी. बापाची दुसरी निशाणी तिच्याकडं नव्हती. तो कसा दिसायचा हे आईला विचारलं की आई म्हणायची, तुझ्या कपाळासारखा. आता कपाळ समोर होतं. भावानं त्याला मेलेला ठरवला, आणि मढं म्हणायचं तेवढं राहिलं होतं, ते काम तिनं केलं होतं.

ज्या बाईचं तोंड सगळ्या बाजारात कधी बंद पडलं नव्हतं, ती बोलली तेव्हा एवढंच बोलली. "मग मेला कधी?"

निंगव्वानं तिच्याकडं आता नीट बघितलं. कपाळाकडं बघितलं असावं. "तू गोजाबाईची?"

"व्हय."

"तुमच्याच गावात मेला की. तुझ्या आईनं माणूस धाडला हुता निरोपाला. मी न्हातीधुती झाले हुते, दारात मीच हुते. दादा म्हणला, आमचा भाऊ आमच्या लेखी कवाच गेलाय. माणसाला पाणीबी दिलं न्हाई."

"आन् तुमी गप बसला."

"बसले," निंगव्वा म्हणाली. "लगीन व्हायचं हुतं माझं. गप न बसून काय करणार हुते?"

बसव्वा पुन्हा फोटोकडं वळली.

महादेवप्पा मात्र सावरला होता. पैसेवाल्याला धक्का बसतो तोही हिशेबानं बसतो. तो रामहरीला म्हणाला, "तो पुठ्ठा होता तसा परत लाव. पुठ्ठ्यासकट कॉपी काढ. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?" मग बसव्वाकडं न बघता, "हे बघ, तुझं काही म्हणणं असेल तर घरी ये. दोन लुगडी देतो, आईच्या नावानं."

"आईच्या नावानं?" बसव्वा म्हणाली. "सावकार, तुमच्याकडं आईचं नाव हाय व्हय? मग ते छापा की. लुगडी ठिवा दुकानात."

"ते जमणार नाही."

"मग अविवाहितबी छापू नगा. ह्या बाई अजून जित्या हायेत. फुडल्या मंगळवारच्या बाजारात त्यांची येणी दावत फिरीन."

"मी बरी येईन," निंगव्वा पुटपुटली. पण महादेवप्पा तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होता त्यावरून वेळ आली तर ती येईलच, अशी शंका त्यालाही आली असावी.

स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. देव पहिल्या पानावर, चनबसप्पा दुसऱ्यावर, उद्योगमहर्षी ही पदवी त्याला लावलेली. तिसऱ्या पानावर गंजीफ्रॉकची जाहिरात. चनमल्लप्पा कुठंच नाही, विवाहितही नाही आणि अविवाहितही नाही. दुकानातल्या भिंतीवरून फोटो उतरला. मेलेला काका त्यांना चालत होता, दरसाल जेवणसुद्धा घालत होते. वेणी ओढणारा त्यांना परवडणारा नव्हता. भिंतीवर फिकट चौकोन राहिला, तो झाकायला महादेवप्पानं वीस कलमी कार्यक्रमाचा तक्ता लावला. सरकारी माणसं खूश झाली.

रामहरीनं सावकाराला पुठ्ठ्यासकट कॉपी दिली, सावकारानं ती फाडली. पण आधी काढलेली अख्खी प्लेट रामहरीकडं होती. तो धाडसी होता असं कोणी समजू नये. थंडी पडली होती, त्याला घोंगडं हवं होतं, आणि बसव्वानं सगळ्यांत जाड घोंगडं त्याच्या अंगावर फेकून सांगितलं, "मोठा काढ. फोटूतनं हात सुटला तर घोंगडं परत घिईन."

हात सुटला नाही. फोटो तिनं बाजारातल्या आपल्या पालाच्या बांबूला बांधला, घोंगड्यांच्या वर. हार घातला नाही. शेजारच्या भांडीवालीनं झेंडूची माळ आणून दिली तर ती बसव्वानं तिच्याच वजनकाट्याला बांधली.

आणि ती बाई, जी गोजाबाईच्या मातीवरून परतताना हळू बोलली होती, एका मंगळवारी घोंगड्याला आली. बसव्वानं तिला आधी फोटोपुढं उभी केली. "कोण हाय वळख."

"मयताचा दिसतोय," बाई घाबरत म्हणाली आणि सवयीनं हात जोडू लागली.

"हात खाली कर. येणी बघ त्या पोरीची." बाईनं बघितली. "मेलेला माणूस वडतोय व्हय येणी? हा माझा बा. ह्यानं माझ्या आईसंगं लगीन केलं ते ह्या फोटूच्या नंतर. आता घरी जाताना दोघी-चौघींना सांगत जा, हळू सांगू नगस."

बाईनं मान हलवली आणि घोंगड्याचं टोक चाचपलं. पातळ वाटतंय का म्हणायला गेली, आणि बसव्वाचं तोंड बघून न बोलता घेतलं.

बाजार उठला. गठ्ठा डोक्यावर घेऊन बसव्वा निघाली, आणि चाटी गल्लीच्या तोंडाशी सवयीनं पाय वळले. ती थांबली. शिव्या द्यायला त्या भिंतीवर आता कोणी नव्हतं. काखेत फोटो होता, तो तिनं जरा वर ओढून घेतला आणि सरळ रस्त्यानं घरी गेली.